टाकून दिलेलं कुत्रं म्हणजे खोड असलेलंच का?

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. मिस्टर बँकेत आहेत, बदलीची नोकरी. मुलगा वर्षभर कुत्र्यासाठी मागे लागलाय. मिस्टरांच्या ओळखीतले एकजण लॅब्रेडोरचं ४५ दिवसांचं पिल्लू बारा हजारांत देतायत. मला मात्र शेल्टरमधली एक गावरान मादी आवडली. दोनेक वर्षांची, तांबूस, शांत, कोपऱ्यात बसून असते. तिचा एक कान टोकाला कापलेला आहे. सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात, ‘चांगलं कुत्रं कुणी टाकतं का? कान बघ, भांडखोर असणार.’ त्यांचं खरं असेल का? आणि शेल्टरमध्ये एवढी कुत्री येतात तरी कुठून?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका रास्त आहे, ती उडवून लावू नका. फक्त ती थोडी चुकीच्या जागी ठेवली गेली आहे. शेल्टरमध्ये कुत्री कशी येतात हे एकेक करून पाहिलं, तर बहुतेक कारणं माणसांच्या घरातली निघतात. बदली, भाड्याचं घर, खर्च, वेळ, उन्हाळा. चावण्याची किंवा भुंकण्याची खोड हे कारण सांगितलेलं असतं तेव्हाही ती खोड कुठून लागली हे विचारत गेलं की पुन्हा त्या घराच्या गच्चीवर आणि साखळीपाशी येऊन पोचतो. त्यामुळे तुम्हाला दोन गोष्टी तपासायच्या आहेत: ही मादी कोणत्या वाटेने तिथं आली, आणि तुमच्या घरून ती त्याच वाटेने परत जाणार नाही ना.

आधी कानाचं बघू, कारण तिथंच सगळं अडलंय. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करतात तेव्हा भूल असतानाच कानाला खाच पाडतात किंवा टोक कापतात. ऑपरेशन झालेलं कुत्रं लांबूनही ओळखू यावं आणि त्याच मादीला पुन्हा पकडून तिचं पोट पुन्हा उघडायची वेळ येऊ नये, म्हणून ही खूण. भांडणात फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी, चिरा पडल्यासारखी असते. खुणेच्या कानाची कड सरळ आणि स्वच्छ असते. जवळ जाऊन नीट बघा. कड सरळ असेल तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे असं धरायला हरकत नाही. शेल्टरकडची नोंद आणि रेबीजच्या लसीचं कार्ड मात्र मागून घ्याच.

ही खूण आणखी एक प्रश्न उभा करते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस झाली की रस्त्यावरचं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. मग ही शेल्टरमध्ये का राहिली? हे सरळ विचारा. उत्तरं साधारण ठरलेली असतात. गाडीखाली सापडून पाय मोडला होता, बरी होईपर्यंत दोन-तीन महिने गेले आणि तिच्या जागेवर दुसरी कुत्री आली. खायला घालणारं माणूस गेलं. जागेवर बांधकाम सुरू झालं. किंवा ती शाळेच्या, दवाखान्याच्या, बसस्थानकाच्या आवारातली होती. अशा आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथं सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. यातल्या एकाही उत्तरात तिची खोड नाही. ‘दोघांना चावली म्हणून आणली’ असं उत्तर आलं तर मात्र थांबायचं. घरात नऊ वर्षांचं लेकरू आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. शेल्टर भरतात त्यात मोठा वाटा अशा पिल्लांचा असतो जी कधीकाळी हौसेने आणली गेली. तुम्हाला जे लॅब्रेडोर मिळतंय त्याचीच पुढची वाट बघा. ४५ दिवसांचं पिल्लू म्हणजे अजून आई-भावंडांत असायला हवं असं पिल्लू. कुत्रापैदाशीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आत पिल्लू विकायचंच नाही. त्यामागे साधं कारण आहे. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो, यातूनच पिल्लू दात किती लावायचा हे शिकतं. हे शिकायच्या आधीच वेगळं केलेलं पिल्लू मुलांच्या हातावर जास्त जोरात तोंड टाकतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पक्के दात येतात तेव्हा ते चप्पल, सोफा, दप्तर, जे सापडेल ते चावतं. याच सुमारास ते वीस किलोच्या आसपास जातं. चार महिन्यांपूर्वी मांडीत बसणारं पिल्लू आता मुलाला दोरीसकट ओढत नेतं. मग शेजारी बोलतात, घरचे वैतागतात आणि कुत्र्याची रवानगी गच्चीवर होते. दिवसभर साखळी. साखळीतलं कुत्रं पळूही शकत नाही आणि कुणाजवळ जाऊही शकत नाही, त्यामुळे जवळ येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं एवढंच त्याच्या हातात उरतं. एक दिवस साखळीच्या टप्प्यात कुणीतरी येतं आणि ते चावतं. शेल्टरच्या वहीत नोंद होते, ‘चावतो’. वय दहा-बारा महिने. या वयाची, जातिवंत, धडधाकट कुत्री शेल्टरमध्ये एवढी का दिसतात, याचं उत्तर या आठ-नऊ महिन्यांत आहे.

दुसरी मोठी वाट माद्यांची. गावात नर पिल्लू कुणीतरी नेतं, मादी मागे राहते. मादी साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात पहिल्यांदा माजावर येते, मग दर सहा-सात महिन्यांनी. गाभण राहिली की ६३ दिवसांच्या आसपास विते. चार ते आठ पिल्लं. नसबंदी न केलेल्या एका मादीपासून वर्षभरात दोन वेत होऊ शकतात. मग पोत्यात भरून पिल्लं बाजारात, ढाब्यामागे, मंगल कार्यालयाच्या उकिरड्यावर नेऊन सोडतात. यातली बरीच शेल्टरपर्यंतही पोचत नाहीत. पार्वो नावाचा विषाणू त्यांना गाठतो: आधी उलट्या, मग रक्ताची, अतिशय घाण वासाची जुलाब, आणि उपचार नसतील तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शेल्टरमध्ये नव्या पिल्लांना वेगळं ठेवतात ते याचसाठी. कुणी तुम्हाला पिल्लांना हात लावू देत नसेल तर रागावू नका.

मराठवाड्यात आणखी दोन कारणं भर घालतात. एक स्थलांतर. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. काहीजण कुत्रं सोबत नेतात, पण ट्रॅक्टरमध्ये संसार, लेकरं, बैलं एवढं असताना प्रत्येकाला ते जमत नाही. वस्तीवर मागे राहिलेलं कुत्रं आठ-पंधरा दिवस दारापाशी बसतं, मग हायवेकडे सरकतं. या लोकांना दोष देण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या वस्तीवरच्या माद्यांची नसबंदी ऊसतोडीला निघायच्या आधी झाली तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल. दुसरं कारण ऊन. मे महिन्यात ४२-४३ अंशांत दाट केसांचा हस्की किंवा चपट्या नाकाचा पग पाळणं म्हणजे त्या जनावराचे हाल आहेत. पगला धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही, कारण हवेची वाटच अरुंद. दोन उन्हाळे झाले, विजेचं बिल आणि डॉक्टरचं बिल वाढलं, की मालक ‘कुणी घेता का’ म्हणून फोटो फिरवायला लागतो.

आणि गोचीड ताप. आपल्याकडे कुत्रं टाकायचं हे फार मोठं कारण आहे आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. गोचिडातून जाणारा जंतू रक्तातल्या प्लेटलेट्स कमी करतो. कुत्रं खाणं सोडतं, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, पोटावर जांभळे ठिपके दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. नाकातलं रक्त पाहून लोक घाबरतात आणि रोग घरात पसरेल म्हणून कुत्रं बाहेर काढतात. खरं तर वेळेत धरलं तर हा बरा होणारा आजार आहे. डॉक्टर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन जवळपास चार आठवडे देतात. इथं चूक होते ती अशी, की आठव्या दिवशी कुत्रं खायला लागतं, मालक गोळ्या बंद करतो आणि महिना-दोन महिन्यांत ताप उलटतो. दुसरी चूक म्हणजे फक्त कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढणं. कुत्र्याला लागणारा हा गोचीड आयुष्याचा बराचसा काळ भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, बाजेच्या सुंभात काढतो. अंगावर औषध आणि फटींची सफाई दोन्ही लागतं. जळकं ऑईल किंवा रॉकेल अंगाला चोपडायचा उपाय कुणी सांगेल, खरजेसाठी तर हमखास सांगतात. अजिबात करू नका. कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, आणि कातडी भाजते ती वेगळी.

आता ही यादी तुमच्या घराशी लावून बघा. पहिलं नाव निघतं बदलीचं. बदल्यांच्या ऑर्डरी उन्हाळ्यात निघत असतील आणि मिस्टरांचा नंबर यंदा असेल, तर ती निघेपर्यंत कुत्रं आणू नका. शेल्टरला तसं स्पष्ट सांगा. तोवर रविवारी मुलाला घेऊन तिला फिरवायला जा, बरीच शेल्टर त्याला आनंदाने तयार होतात. दुसरं नाव निघतं सासूबाईंचं. त्या माळकरी आहेत आणि दिवसभर घरी त्याच असणार, मग त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं-चिकन शिजणार नाही हे आधीच मान्य करा. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या मादीला दिवसाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तयार कोरडं खाद्य पुरतं, दोन वेळात विभागून. म्हणजे महिन्याला साधारण सात किलो. खऱ्या मापासाठी पाकिटावरचा तक्ता आणि तिचं वजन बघा. बहुतेक खाद्यांत मांस असतं, तेव्हा डबा अंगणात, झाकणाचा, वेगळ्या मापट्यासकट ठेवा. पूर्ण शाकाहारी तयार खाद्यही मिळतं, पण ते पशुवैद्यकांना विचारून. फक्त दूध-भाकर किंवा दूध-पोळीवर कुत्रं ठेवू नका. त्यात प्रथिनं पुरत नाहीत, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि सारखे जुलाब व्हायला लागले की ‘हे घाण करतं’ म्हणून तेही टाकायचं कारण होतं. कांदा, द्राक्षं, मनुके, चॉकलेट वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादातले मनुके विसरू नका. खाणं, लस, जंताचं आणि गोचिडाचं औषध मिळून महिन्याला दोन-तीन हजार बाजूला निघत असतील तरच पुढे जा.

तिसरं, जबाबदारी मुलाची धरू नका. नऊ वर्षांचा मुलगा पाणी भरेल, ब्रश करेल. सकाळी सहाला आणि रात्री दहाला तिला बाहेर न्यायचं काम तुमचं नाहीतर मिस्टरांचं. दोघांपैकी कोण, हे आजच ठरवा.

एवढं जमत असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पिल्लू नको, ही मादी आणा. दोन वर्षांची आहे म्हणजे दात येण्याचा काळ संपला, आकार आणि स्वभाव समोर दिसतोय, बहुधा नसबंदी झालेली, आपल्या हवेची, आखूड केसांची. पण आणायच्या आधी तीनदा जा, तीन वेगळ्या वेळी. एकदा खायला घालायच्या वेळी जा आणि ताटलीजवळून माणूस गेलं तर ती गुरगुरते का, ताठ होते का, ते लांबून पाहा. एकदा तिला फाटकाबाहेर वीस मिनिटं फिरवा, कारण पिंजऱ्यात गप्प बसणारं कुत्रं बाहेर वेगळं असू शकतं. आणि एकदा मुलाला घेऊन जा. त्याला उभं राहून तिच्या डोक्यावर हात ठेवू देऊ नका. तिच्याकडे कुशी करून खाली बसायचं, हात स्वतःच्या मांडीवर, डोळ्याला डोळा नाही. ती आली तर येईल. शेपूट पायात, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतेय, झोप नसताना जांभया देतेय, म्हणजे घाबरलीय, तिथंच थांबा. पाच-दहा मिनिटांत ती वास घ्यायला पुढे आली तर फार चांगली खूण आहे. तिन्ही भेटींत भिंतीला चिकटून राहिली तर मुलाच्या घराऐवजी तिला मोठ्या माणसांचं शांत घर बरं.

घेऊन जायच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्या, प्लेटलेट्ससकट. आपल्या भागात उदगीर आणि परभणी दोन्हीकडे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. गुंतागुंतीचं काही निघालं तर तिथं दाखवता येतं. लातूरहून उदगीर जवळ.

घरी आल्यावर सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा असतो. तोही पहिल्या पंधरवड्यात. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, ते मागे सरकतं, मान खाली घालतं आणि पट्टा कानावरून निसटतो. एका क्षणात ते रस्त्यावर असतं, आणि नव्या भागात त्याला घर माहीत नसतं. म्हणून गळ्यातला पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा, शिवाय छातीभोवतीचा हार्नेस घाला, आणि दोन दोऱ्या लावा, एक पट्ट्याला, एक हार्नेसला. दोन्ही दोऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी पहिल्या दिवशीच. फाटकाखालची फट मोजा. डोकं गेलं की अंगही जातं. दिवाळीच्या आठवड्यात किंवा लग्नसराईत शेजारी बँड असताना आणू नका, फटाक्याने कुत्रं भिंतीवरूनही उडी मारतं.

पहिले तीन दिवस तिला एका खोलीचा कोपरा, गोणपाट, पाणी द्या आणि बाकी काही मागू नका. नातेवाईक बघायला येणार असतील तर पंधरा दिवसांनी बोलवा. आंघोळही आठवडाभर नको. पहिल्या दिवशी ती खाणार नाही, चालेल. दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा दिवसभर पाणीही घेतलं नाही तर डॉक्टर. तीन आठवड्यांत तिला घराच्या वेळा कळतात आणि खरा स्वभाव दिसायला लागतो. काही जणींचं भुंकणं तेव्हाच सुरू होतं, लोक त्याला ‘बिघडली’ म्हणतात, पण ती घर आपलं मानायला लागल्याची ती खूण असते. पूर्ण रुळायला तीन महिने धरा. परत केली जाणारी कुत्री बऱ्याचदा पहिल्या महिन्यातच परत जातात, म्हणून हे आधी सांगतोय.

मुलासाठी नियम तीनच, पण पक्के. झोपलेली असताना हात नाही, खाताना जवळ जायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. पहिले तीन महिने दोघांना एकटं सोडू नका. कधी दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. मिरची पूड, चुना, हळद काही लावू नका. मग सरळ सरकारी दवाखाना. तिथं रेबीजची लस मोफत असते. कातडीत देतात त्या पद्धतीत पहिला डोस लगेच, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर सोबत रेबीजविरोधी सीरम. तिची लस झालेली असली तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

सगळं करूनही नाही जमलं तर तिला शेल्टरलाच परत द्या. घेतानाच तसं लेखी घ्या. ‘शेतात आखाड्यावर सोडू, मोकळी राहील’ असं कुणीतरी सुचवेलच. आखाड्यावर आधीच दोन-तीन कुत्री असतात, ती नवीनला जवळ येऊ देत नाहीत, आणि मार खाऊन ती रस्त्याला लागते. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे या कायद्याच्या धाकाने फारसं कुणी थांबत नाही.

आणि पुढे कधी बदली आलीच, तर घर बघायला जातानाच घरमालकाला कुत्र्याचं सांगा, सामान उतरवल्यावर नाही. भाडेकरारात एक ओळ लिहून घ्या. रेल्वेने जाणार असाल तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे घेऊन तिला सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्समधून. बुकिंग पार्सल ऑफिसात होतं, तिथं लसीचं कार्ड आणि डॉक्टरचा दाखला लागतो. मे महिन्यात तो बॉक्स तापतो, म्हणून रात्रीची गाडी बघा किंवा गाडी करून पहाटे निघा, निघण्याआधी चार तास पोटभर खायला घालू नका, आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा.